शेव-उसळ कुणाची?

आमची शाळा महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या शिवेवर आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे नवापूर स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना शीव म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. त्या स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. फलाटावरच्या बाकाला मधोमध रेघ मारलेली आहे. नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात, असे बसून दोघे एकाच पुडीतले शेंगदाणे खात असतात. १ मे १९६० रोजी आखलेली रेघ बाकावर दिसते. शेंगदाण्यांवर दिसत नाही.

हे मी आज लिहितो आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, ही रेघ मी स्वतः एका भांड्यावर ओढली. त्याचीच ही हकिगत आहे. इतिहासाचा एम. ए. झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या मुख्याध्यापकाने आपली चूक जाहीरपणे सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. मुलांना चुका वहीत लाल शाईने दाखवतो, मग आपलीही दाखवावी, असे शेवटी ठरवले.

त्या वर्षी संमेलनात 'आपले पारंपरिक महाराष्ट्रीय पदार्थ' अशी पाककृती स्पर्धा ठेवली होती. कल्पना माझीच. हल्लीची पोरे पिझ्झा-बर्गर आणि चायनीजच्या नादी लागली आहेत, त्यांना आपल्या मातीची चव कळावी, असे एक छोटे भाषणही मी सुरुवातीला ठोकले. नववीतल्या एका मुलीने शेव-उसळ आणली होती. हे कुटुंब मूळचे खानदेशातले, पण पोटासाठी सुरतेला उधन्याच्या बाजूला राहणारे. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रमाग बंद पडले, तेव्हा हजारो माणसांबरोबर तेही गावाकडे परतले आणि मुलगी आमच्या शाळेत दाखल झाली. सातवीपर्यंत गुजराती माध्यमात शिकलेली, त्यामुळे तिच्या मराठी अक्षरांवर शिरोरेघ असायची नाही. माझे शिक्षक त्याबद्दल कुरकुर करत.

परीक्षक बाईंनी तिची वाटी चाखली, मान डोलावली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, चव छान आहे, पण शेव-उसळ म्हणजे गुजराती ना? बडोद्याची?" मी नियमावर बोट ठेवले. पदार्थ स्पर्धेतून बाद. पहिला क्रमांक साबुदाण्याच्या खिचडीला मिळाला, दुसरा बटाटेवड्याला.

मुलगी रडली नाही. डबा बंद करता करता तिने विचारले, "सर, माझी आजी रोज हेच करते. मग हे आमचं नाही का?"

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते उत्तर नव्हतेच. त्या उन्हाळ्यात कुटुंब पुन्हा सुरतेला गेले आणि मुलगी शाळेचा दाखला घेऊन गेली.

* * *

पुढे कित्येक दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. मास्तराची सवय अशी, की प्रश्न सुटला नाही की तो पुस्तकांकडे धावतो. मी आधी बक्षीस मिळालेल्या पदार्थांची कुंडली मांडली आणि हसावे की रडावे ते कळेना.

साबुदाण्याची खिचडी घ्या. आपण तिला उपासाला चालणारी म्हणून इतकी पवित्र मानतो, की तिच्या मुळाशी जायचे धाडस कोणी करत नाही. आजचा आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या बाजूला उभे राहिले तेच १९४० नंतर. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची अमेरिका खंडातली. बटाटा पेरू देशाच्या डोंगरांतला. ही सगळी मंडळी कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर, प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या जहाजांतून, आपल्या किनाऱ्यांकडे आली. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळच्या स्वयंपाकघरात यातले काहीही नव्हते. तिखटाला मिरी आणि पिंपळी होती. म्हणजे ज्या खिचडीला मी मातीची चव म्हणून पहिला क्रमांक दिला, तिच्यात निर्विवाद आपले असे एक तूप तेवढे होते.

बटाटेवड्याचे तेच. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज. हिंदी मुलखात त्याला आलू म्हणतात. मराठी आणि गुजराती या दोन किनारी भाषांनी मात्र 'बटाटा' हे नाव जसेच्या तसे उचलले. पाव हाही पोर्तुगीजच. त्या पावात वडा घालून १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी विकायला सुरुवात केली असे सांगतात. साठ वर्षांत तो वडापाव महाराष्ट्राचा मानबिंदू झाला. झाला हे चांगलेच झाले. पण मग शेव-उसळीने काय घोडे मारले होते?

'उसळ' हा शब्द पाहा. गुजरातीत कडधान्याला 'कठोळ' म्हणतात. मोड आणून किंवा भिजवून, फोडणी देऊन, रस्सा ठेवून शिजवलेल्या कडधान्याला 'उसळ' म्हणायची रीत मराठी. बडोदे १७३४ मध्ये गायकवाडांकडे आले ते १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, तिथे मराठी राज्य होते. दक्षिणेतून शिपाई आले, कारकून आले, भिक्षुक आले, त्यांच्या बायकांबरोबर पाटा-वरवंटा आला आणि गोडा मसालाही आला. त्या मुलखात उसळ रुजली, तिने स्थानिक शेव अंगावर घेतली, पावाशी सोयरीक केली आणि रस्त्यावर आली. मराठी घरातून गेलेली मुलगी गुजराती सासरी नांदली, इतकाच याचा अर्थ. आणि ती माहेरी आली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला दारातून परत पाठवले.

* * *

गेल्या कोजागरीला मी सुरतेला गेलो. माझी थोरली बहीण तिथे चाळीस वर्षे आहे. दाजी कापड बाजारात होते. "भाऊ, चंदी पडव्याला ये, घारी खायला," असे ताई दर वर्षी म्हणते आणि मी दर वर्षी टाळतो. या खेपेला गेलो, कारण मनात दुसरे काम होते.

'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही गुजराती म्हण आपल्या सीमाभागात सगळ्यांना पाठ आहे. मरायचे तर काशीत आणि जेवायचे तर सुरतेत! पण हे जेवण कशाकशाचे बनले आहे ते पाहायचे तर गाव पायी फिरावे लागते. भाचा म्हणाला, "मामा, पायी काय फिरता, स्कूटरवर बसा." दोन दिवस त्याच्या मागे बसून मी सुरत पाहिली.

पहिल्याच चौकात एक लारी. हातगाडीला सुरतेत लारी म्हणतात, आणि आता आपल्याकडेही. त्यावर लाल अक्षरांत 'मंचुरियन', 'नूडल्स' आणि 'अमेरिकन चॉप्सी'. शेजारी बारीक अक्षरांत 'जैन मिळेल'. मी भाच्याला म्हटले, "अरे, चिनी गाडीवर अमेरिकन काय करतोय?" त्याला माहीत नव्हते. यातच एका मोठ्या गोष्टीचे सार आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले लोक खाणी आणि रेल्वेच्या कामासाठी अमेरिकेत गेले. त्यांच्याकडे उरल्यासुरल्या जिन्नसांचे मिश्र परतलेले कालवण होते. 'चॉप सुई' या नावाचा अर्थच तसा आहे. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी त्याची चव बदलली, सॉस दाट झाला आणि तो तिथला 'अस्सल चिनी' पदार्थ ठरला. एक दंतकथाही चिकटली: चीनचे थोर मुत्सद्दी ली होंगजांग १८९६ मध्ये न्यूयॉर्कला आले, तेव्हा त्यांच्या आचाऱ्याने हा पदार्थ प्रथम केला. कथा रंगतदार, पण खरी नव्हे, कारण चॉप सुईचे उल्लेख त्याआधीच्या दशकातल्या अमेरिकन लेखनातच सापडतात. तोच पदार्थ पुढे हिंदुस्थानात आला, कुरकुरीत तळलेल्या शेवया आणि गोड-आंबट लाल रस घेऊन, आणि आपण प्रामाणिकपणे त्याला 'अमेरिकन' म्हटले. मंचुरियनचे तर विचारूच नका. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण, हिरवी मिरची यांना सोया सॉसमध्ये घालून तो पदार्थ सिद्ध केला, असे मानले जाते. मांचुरियात तो कोणाला ठाऊक नव्हता. आणि सुरतेच्या लारीवर त्यातले आले-लसूणही गेले! उरला कोबीचा गोळा आणि सोया सॉस. तरी खाणारे मिटक्या मारत होते.

संध्याकाळी एका अमेरिकन साखळीच्या काचेच्या दुकानात भाच्याने नेले. मॅकडोनल्ड्सने भारतात पहिले दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत उघडले, तेव्हा गोमांसाच्या बर्गरवर मोठी झालेली ही कंपनी इथे गाय आणि डुक्कर दोन्ही सोडून आली. पुढे पावात आलूची टिक्की घालून ती विकू लागली. म्हणजे जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे नाव, अमेरिकेतली पद्धत, पेरूचा बटाटा आणि उत्तर हिंदुस्थानी टिक्की. भाच्याची मुलगी ते खाता खाता म्हणाली, "आजोबा, हे खरं अमेरिकन आहे." मी नववीच्या वर्गात शिकलेला धडा आठवून गप्प बसलो.

* * *

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, अश्विन वद्य प्रतिपदेला, सुरतकर 'चंदी पडवो' साजरा करतात. घरोघरी घारी आणि फरसाण. रात्री लोक गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, डुमसच्या समुद्राकडे चटया टाकून बसतात आणि चांदण्यात घारी खातात. मैद्याची पारी, आत मावा आणि सुका मेवा, वरून साजूक तुपाचे जाड लिंपण. एक खाल्ली की दुसरीची हिंमत होत नाही. दाजींनी तीन खाल्ल्या.

खाता खाता त्यांनी घारीची जन्मकथा सांगितली, जी सुरतेत सगळे सांगतात: सत्तावन्नच्या बंडात तात्या टोपे यांच्या सैनिकांना अंगात जोर यावा म्हणून ही मिठाई केली गेली आणि त्यांनी ती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खाल्ली.

ऐकून छाती फुगली. पण इतिहासाच्या मास्तराला रात्री झोप लागली नाही. येवल्याचा हा आपला तात्या ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून दक्षिणेस उतरला. तिथून वळून त्याला बडोद्याकडे जायचे होते. पण १ डिसेंबर १८५८ रोजी छोटा उदेपूरपाशी ब्रिगेडियर पार्कने त्याला गाठले. लढाईत मोड झाला आणि तात्या उत्तरेकडे, बांसवाड्याच्या जंगलांत निघून गेला. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्याला फाशी झाली. म्हणजे सुरत तर दूरच, त्याला बडोदेही गाठता आले नाही. आणि त्या वर्षीचा चंदी पडवा नर्मदा ओलांडण्याच्याही आधी होऊन गेला होता.

ली होंगजांग आणि चॉप सुई, तात्या टोपे आणि घारी, आणि आपल्यापैकी अनेकांना प्रिय असलेली ती कथा, की तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांच्या नावावरून सांबाराला नाव मिळाले. तिन्हींचे रूप एकच. पदार्थ लोकांच्या हातून हळूहळू घडतो आणि मग त्याला एक थोर बाप शोधला जातो.

सकाळी चहा पिताना मी दाजींना हे सांगितले. ते जरा हिरमुसले. मग मलाच एक गोष्ट सुचली, ती सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. शिवछत्रपतींनी सुरत दोनदा लुटली, जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. पुढे सुरत अठ्ठाविशीतून गायकवाडांनी चौथाई घेतली. या शहराने मराठ्यांच्या नावाने कडू बोलावे याला पुरेसे कारण होते. त्याच शहराने आपल्या सर्वांत लाडक्या मिठाईचे श्रेय एका मराठी माणसाला दिले. कथा तात्याच्या बाबतीत खरी नसेल. सुरतकरांच्या मनाबद्दल ती फार खरे काही सांगते.

* * *

सुरत ही मुळात पाहुण्यांच्या हातची भाजी-भाकरी खाऊन मोठी झालेली नगरी. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये इथे आला. त्याने लिहून ठेवले आहे, की इंग्रजांच्या वखारीत प्रत्येकाच्या जिभेची सोय व्हावी म्हणून तीन आचारी होते: एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदुस्थानी. तीनशे वर्षांपूर्वीचे हे तीन चुलींचे स्वयंपाकघर मला सुरतेची खरी कुलदेवता वाटते.

डच लोकांचीही वखार इथे होती. केरळच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड हा डच अधिकारी १६९१ मध्ये वारला, त्याची कबर आजही सुरतेच्या डच दफनभूमीत आहे. डच गेले, पण त्यांच्या भट्टीची विद्या पारशी कामगारांच्या हाती राहिली. पाव फुगवायला ताडी वापरत. त्या परंपरेतले दोटीवाला घराणे आपल्या बेकरीचे साल १८६१ सांगते. सुरतेची नानखटाई आणि कडक बिस्किटे डबे भरून नेणाऱ्यांना हे डच भूत दिसत नाही.

तापीपलीकडच्या रांदेरला गेलो. तिथले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मदेशात, रंगूनला. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा पुष्कळ परतले, आणि १९६० नंतर तिथे धंदे सरकारजमा झाले तेव्हा उरलेले. येताना त्यांनी नारळाच्या दुधातल्या शेवयांचा पदार्थ आणला. ब्रह्मी 'खाउ स्वे' रांदेरात 'खावसा' झाला. आता तो लग्नाच्या पंगतीत शाकाहारी होऊनही बसतो आणि सुरती म्हणून मिरवतो.

हिवाळ्यात पोंक खायला ये, असे भाचा म्हणाला. पोंक म्हणजे काय? कोवळ्या ज्वारीचा भाजलेला दाणा. आपला हुरडा! आपण तो चटणी-गुळाशी खातो, ते शेव आणि लिंबू-मिरीशी. मधे एक नाव बदलले, एवढेच.

मग एक शंका उभी राहते आणि ती टाळता येत नाही. सगळेच जर दुसरीकडून आले आहे, तर आपले असे काही नाहीच का? कोणीही काहीही करावे आणि त्याला कसलेही नाव द्यावे?

तसे मला वाटत नाही. उंधियूचे उदाहरण घेऊ. 'उंधुं' म्हणजे उलटे. मडक्यात पापडी, कंद, वांगी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचे, मडके उलटे ठेवून वरून विस्तव पेटवायचा, ही मूळ रीत. वलसाडच्या बाजूला रस्त्याकडेला अजून असे 'उबाडियुं' मिळते आणि आमच्या रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी तशीच होते. सुरतेचा प्रसिद्ध उंधियू मात्र आता पातेल्यात, सरळ चुलीवर, भरपूर तेलात शिजतो. उलटेपण नावात तेवढे उरले. तरी तो खोटा म्हणायचा का? नाही. सुरतकराला कतारगामची पापडी लागते, हिरवी लसूण लागते, दिवस थंडीचे लागतात. त्याने रीत सोडली, पण शेत आणि ऋतू सोडला नाही. आणि ज्याने शेत, ऋतू, रीत तिन्ही सोडली आणि पाकिटावर फक्त नाव ठेवले, त्याच्याबद्दल मात्र तक्रार करायला जागा आहे.

दुसरी कसोटी मला अमेरिकेतल्याच एका गोष्टीने शिकवली. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो नावाचे गाव आहे. मॅकडोनल्ड बंधूंचे पहिले दुकान १९४० मध्ये तिथलेच. त्याच गावात ग्लेन बेल हा गृहस्थ खाण्याची टपरी चालवत होता. समोर मित्ला कॅफे नावाचे एका मेक्सिकन कुटुंबाचे १९३७ पासूनचे खानावळवजा हॉटेल होते. तिथल्या कुरकुरीत टाकोसाठी रांग लागते हे त्याने पाहिले, तिथे जाऊन खाल्ले, शिकला, आणि १९६२ मध्ये 'टाको बेल' काढले. पुढे त्याची जगभर हजारो दुकाने झाली. मित्ला कॅफे आजही चालू आहे, पण त्याचे नाव किती खाणाऱ्यांना ठाऊक आहे? टाको बदलला याचे मला वाईट वाटत नाही. ज्यांच्या चुलीवरून तो उचलला त्या बायांचे नाव पुसले गेले, याचे वाटते.

म्हणजे पदार्थ अस्सल की नक्कल हे त्यातल्या जिनसांवरून ठरत नाही. तसे ठरवायचे तर आपला उपासही अमेरिकन होईल. तो कोणाच्या हातून आपल्याकडे आला हे आपल्याला आठवते का, यावर ते ठरते. ऋण मान्य केले तर उसने घेतलेलेही आपले होते. आणि मी काय केले होते? ज्या मुलीला आपल्या पदार्थाचा हात कोणाचा हे नीट माहीत होते, तिलाच बाद केले. आणि ज्यांना माहीत नव्हते त्यांना बक्षिसे वाटली.

* * *

भाच्याने चौकशी करून लारी शोधून काढली. लिंबायतच्या एका गल्लीच्या तोंडाशी. पाटी गुजराती लिपीत: 'खानदेशी सेव ऊसळ'. सवयीने मी शुद्धलेखन तपासू लागलो आणि 'ळ'पाशी थांबलो. हिंदीच्या लिहिण्यात हे अक्षर नाही. मराठीत आहे आणि गुजरातीत आहे. आमच्या अहिराणीतला 'शे' आणि गुजरातीतला 'छे' असेच मावसभाऊ. ग्रियर्सनसाहेबांनी १९०७ मध्ये भाषांची पाहणी छापली, तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली बोलींबरोबर गुजरातीच्या शेजारी बसवले होते. त्यावरही पंडितांचे वाद झाले. बोलणाऱ्या बाया मात्र बोलत राहिल्या.

आजी सत्तरीच्या असाव्यात. मी कोण ते सांगितले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग भाच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बसा ना सर. आधी खाऊन पाहा."

वाटाण्याची उसळ, वर काळ्या मसाल्याची तर्री, त्यावर जाड शेव, कांदा, लिंबू. तिखट होती, पण शेवटी जिभेवर गूळ उमटला. मी विचारले, "आजी, हा मसाला कुणाचा?"

"मसाला माझ्या मायचा. अमळनेरकडची होती. शेव इथली. गूळ गिऱ्हाइकाचा," त्या म्हणाल्या. "इथं आलो तेव्हा मालक मागावर होते. त्यांना जाऊन वीस वरीस झाले. पोरं लहान होती. मायची उसळ इथं कोणी खाईना, डोळ्यातून पाणी काढायचे लोक. एक गुजराती बाई शेजारी होती, तिनं सांगितलं, बेन, जरा गूळ टाक. टाकला. त्या गुळानं तीन लेकरं शिकली."

त्यात मला विचारायचे काही उरले नाही. मी स्पर्धेचे सांगितले, आणि चूक माझी होती असेही सांगितले. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "पोरगी घरी येऊन म्हणे, आजी, आपण कुठले? मी म्हटलं, जिथं चूल पेटते तिथले. तिला पटलं नाही," एवढेच म्हणाल्या. मुलगी शिकवणीला गेली होती. आता पुन्हा गुजराती माध्यमात, दहावी झाली होती. भेट झाली नाही. मी चिठ्ठी लिहून ठेवली.

पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा वाटले, आजी नको म्हणतील. त्यांनी नोट घेतली, सुटे परत दिले आणि म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणून आलात म्हणून घेते. पाहुणे म्हणून याल तेव्हा घरी या, मांडे करीन."

* * *

यंदाच्या जानेवारीत आमची स्पर्धा पुन्हा झाली. नाव बदलले, 'आमच्या घरचा पदार्थ'. नियम एकच ठेवला: वाटीशेजारी एक चिठ्ठी असावी, आणि हा पदार्थ कोणाकडून शिकलो, त्या माणसाने तो कोणाकडून शिकला, हे तिच्यावर लिहिलेले असावे. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, अहिराणीत लिहा, मावचीत लिहा.

त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. एकीवर लिहिले आहे, 'कळण्याची भाकरी. आजीकडून. आजी तिच्या सासूकडून.' एकीवर, 'ढोकळा. शाळेजवळच्या काकांच्या गाडीवर बघून.' एका मुलाने मंचुरियन आणले होते. परीक्षक बाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी चिठ्ठी वाचली: 'बाबांकडून. बाबा सुरतेला लारीवर भांडी घासत होते, तिथे बघून शिकले.'

मी वाटी उचलली आणि बाईंच्या पुढे ठेवली.